वसूल किती दिवसांत?

निगडी प्राधिकरणातल्या 'स्नेहांकित' सोसायटीत कुणालाही नवी वस्तू घ्यायची असली, की आधी तिसऱ्या मजल्यावर अकरा नंबरात जाऊन यायचं, असा दंडकच होता. तिथे प्रभाकरराव खासनीस राहत. देवाला कौल लावावा तशी माणसं त्यांच्यासमोर बसत. काका, गाडी सीएनजीवर करून घेऊ का? काका, मिक्सर दुरुस्तीला टाकू की नवाच आणू? प्रभाकरराव चष्मा कपाळावर चढवत, पाठकोरा कागद पुढ्यात ओढत, मधोमध उभी रेघ मारत आणि पहिला प्रश्न टाकत, "वसूल किती दिवसांत?"

नोकरी सगळी कॉस्टिंग खात्यात गेली. आधी चिंचवडला, मग कंपनी चाकणला हलली तेव्हा चाकणला. एक बोल्ट बनवायला किती पडतात, तो तीन पैशांनी स्वस्त कसा होईल, यावर तिथे दोन-दोन तास मिटिंगा चालत. ती सवय घरी येणारच. बसचं तिकीट एक स्टॉप पुढे चालत गेलं तर पाच रुपयांनी कमी होतं, हे निगडीत बहुधा त्यांनाच पहिल्यांदा कळलं असेल. टूथपेस्टची नळी ते कात्रीने कापून आतून खरवडत. बायको, चित्रा, पाहुण्यांना हसत सांगायची, "आमच्याकडे आमटीलासुद्धा कोटेशन लागतं."

पण माणूस कंजूष नव्हता हं, उगाच गैरसमज नको. पोराच्या इंजिनिअरिंगला, बहिणीच्या आजारपणाला त्यांनी हात आखडता घेतला नाही. फक्त प्रत्येक गोष्टीचं गणित झालं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. गणित बरोबर असलं की त्यांना शांत झोप लागे. आणि गणित त्यांचं कधी चुकत नसे, हीच सगळी आफत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चित्रा गॅलरीत चादर वाळत घालताना पाय घसरून पडली. उजवा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, "सपाटीवर रोज अर्धा तास चालवा. जिना मात्र आता विसरायचा. आणि चालल्या नाहीत ना, तर पाय आखडतील, मग अंथरूणच." प्रभाकररावांनी विचारलं, "किती महिन्यांत चालायला लागेल?" डॉक्टर म्हणाले, "तीन धरा."

त्यांनी तीन धरले. नवा वॉकर एकोणीसशे रुपयांना, भाड्याने महिना तीनशे. तीन महिन्यांचे नऊशे, म्हणजे हजार रुपये वाचले. त्यांनी चौकातल्या दुकानातून भाड्याचा आणला. आज त्याला चौदा महिने झाले होते, बेचाळीसशे रुपये गेले होते, आणि दर एक तारखेला प्रभाकरराव निमूटपणे आणखी तीनशे देऊन येत होते. विकत घ्यावा, तर ही आता कायमची अशीच, असं कबूल केल्यासारखं होणार. परत करावा, तर त्याहून वाईट.

कारण सपाटी होती कुठे? 'स्नेहांकित'ला तीन मजले आणि लिफ्ट नाही. खाली उतरायचं तर चोपन्न पायऱ्या. घरात म्हणाल तर दारापासून गॅलरीपर्यंत चौदा पावलं, त्यात दोन वळणं आणि एक सोफा. तेवढ्यापुरती चित्रा काठी धरून फिरे. वॉकर दाराशी उभा असे, बाहेर जायच्या दिवसाची वाट बघत. गेटसमोरच महापालिकेची बाग होती, बागेला सिमेंटची गोल पायवाट. सकाळी सगळं प्राधिकरण तिथे चालायला येई, आणि चित्रा गॅलरीत खुर्ची टाकून त्यांच्या फेऱ्या बघे. भाजीवाली रंभा खालून हाक मारायची, चित्रा दोरीला बांधलेली पिशवी सोडायची, रंभा त्यात भाजी भरायची. पण भेंडीचं टोक स्वतःच्या हाताने मोडून बघितल्याशिवाय चित्राने उभ्या जन्मात भेंडी घेतली नव्हती. आता रंभा देईल ती भेंडी. महिन्यामागून महिने गेले तशी तिने भेंडी सांगणंच सोडून दिलं.

आणि पाय खरंच आखडत चालला होता. आधी चौदा पावलं ती दहा वेळा घालायची, मग सहा वेळा, आता तीन.

दुसऱ्या वाटा प्रभाकररावांनी बघितल्या नसतील, असं कसं होईल? मुलगा अवधूत हिंजवडीजवळ माणला बाराव्या मजल्यावर राहत होता. तिथे लिफ्ट होती, पण घर एका बेडरूमचं, त्यात मुलगा, सून सई, दोघांची घरून कामं, दिवसभर कानाला लावलेले फोन. चित्राला दोन महिने हॉलमधल्या दिवाणावर ठेवून बघितलं. तिसऱ्या महिन्यात तीच म्हणाली, "अहो, आपल्या घरी चला. पोरांचा जीव अवघडतोय." मग फ्लॅट विकून तळमजला घ्यायचा विचार केला. एजंट येऊन जिना चढला आणि वर आल्यावर धापा टाकत म्हणाला, "काका, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही म्हणजे गिऱ्हाईक खालूनच परत जातं हो." जी किंमत त्याने सांगितली, तिच्यात तळमजल्याचा फ्लॅट घ्यायला बावीस लाख कमी पडत होते. भाड्याने राहायचं, तर पेन्शन महिना अडीच हजार आणि ठेवींचं व्याज, त्यात औषधं. प्रभाकररावांनी सात पाठकोरे कागद खर्ची घातले. कुठूनही मांडलं तरी उत्तर जमेना.

उरली लिफ्ट.

आता लिफ्ट म्हटली की चित्रा गप्प बसायची, आणि का गप्प बसायची ते प्रभाकररावांना चांगलं ठाऊक होतं. सोळा वर्षांपूर्वी या सोसायटीत लिफ्ट येतच होती. ती येऊ दिली नाही ती त्यांनीच.

तेव्हा शेजारी, बारा नंबरात, बबनराव राहत. मूळचे माणचे. गावाकडची जमीन आयटी पार्कमध्ये गेली, पैसा आला, त्यातून त्यांनी इथे फ्लॅट घेतला आणि आईला आणलं. आईचं नाव जाईबाई. गुडघ्यांनी पार जाम झालेल्या, सत्तरी उलटलेली. बबनरावांनी सोसायटीत लिफ्टचा विषय काढला. खर्च सात लाख वीस हजार, फ्लॅटमागे साठ हजार. बरेच जण तयारही होते.

प्रभाकरराव म्हणाले, "आधी मोजू या." रजा टाकून आठ दिवस ते जिन्याच्या वळणावर स्टूल ठेवून बसले आणि कोण किती वेळा चढतं-उतरतं त्याच्या काड्या मारत राहिले. तिसऱ्या दिवशी जाईबाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "काय मोजताय वो?"

"खेपा, आजी. तुम्ही किती वेळा उतरता?"

"मी? म्हैन्याचं दोनदा. अमुशाला देवळात, आन् येकदा दवाखान्यात." मग चौकटीला टेकून त्या म्हणाल्या, "पर रोज जायाचं म्हून न्हाई वो पाह्यजे ती लिफ्ट. मनात आलं की जाता येतंया, एवढं ठावं असलं ना, की वरबी करमतं."

प्रभाकररावांनी हसून मान डोलावली आणि कागदावर 'दोन' लिहिलं.

सभेत त्यांनी जो हिशोब मांडला, त्याची पुढे कित्येक वर्षं तारीफ होत असे. बाकीचे सगळे चढू शकतात, तेव्हा लिफ्टची खरी गरज एकाच माणसाला. लिफ्टची झीज आणि देखभाल धरून वर्षाला अठ्ठ्याहत्तर हजार. आजींच्या खेपा वर्षाला चोवीस. म्हणजे एका खेपेला तीन हजार दोनशे पन्नास. "एवढ्यात आजी विमानाने नागपूरला जाऊन येतील," असं ते म्हणाले तेव्हा सभा खो-खो हसली. बबनरावही कसनुसं हसले. मग प्रभाकररावांनी उपाय सुचवला. दांड्यांची एक खुर्ची करून घ्यायची, दोन माणसं बोलवायची, खेपेला ऐंशी रुपये. ठराव सर्वानुमते पास झाला.

खुर्ची त्यांनी स्वतः भोसरीला जाऊन करून घेतली. पाइप वाकवून, दोन्ही बाजूंना दांडे, पाय ठेवायला पट्टी, वर निळा रंग. साडेआठशे रुपये. काम फार सुबक झालं होतं.

जाईबाई त्या खुर्चीत एकदाच बसल्या. लाकडाच्या वखारीतली दोन माणसं बोलावली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलती झाली, म्हातारीने दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले आणि डोक्यावरचा पदर ढळला. पदर सावरायचा तर हात सोडावा लागणार. दारादारांतून माणसं बघत होती. तशीच उघड्या डोक्याने ती खालपर्यंत गेली. त्या दिवशी चित्रा घरात येऊन म्हणाली, "अहो, म्हातारीचा पदर पडला हो सगळ्यांदेखत."

"पुढच्या वेळी पट्टा लावू," प्रभाकरराव म्हणाले. लावलाही. साठ रुपये.

पुढची वेळ आलीच नाही. जाईबाई चार वर्षं वर बसून राहिल्या. चित्रा दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायची, कधी वाटीभर खीर न्यायची. मग एका सकाळी त्या गेल्या. जिन्याचं वळण इतकं अरुंद, की आडवं माणूस निघेना. शेवटी त्यांना त्याच निळ्या खुर्चीत बसवून खाली आणलं, आणि तेव्हा तो पट्टा कामी आला. सहा महिन्यांनी बबनरावांनी फ्लॅट विकला. जाताना ते सगळ्यांना भेटले, फक्त अकरा नंबरात आले नाहीत.

खुर्ची मीटरच्या खोलीत होती, ती गेल्या वर्षी चित्रासाठी बाहेर काढली. तपासणीला न्यायचं तेव्हा तीन माणसं लागत, खेपेला नऊशे रुपये. चित्रा बसताना पदर आधी कमरेला खोचून घ्यायची आणि वर येईपर्यंत डोळे मिटून ठेवायची. ती कधी एका शब्दाने टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं प्रभाकररावांना फार वाटायचं.

तर असा हा माणूस सत्तराव्या वर्षी दारोदार फिरून लिफ्टसाठी मतं मागू लागला. सोसायटीच्या नियमाप्रमाणे बारापैकी नऊ मतं हवी होती. तिसरा आणि दुसरा मजला मिळून सहा तयार झाले. कुणाला गुडघे, कुणाला फ्लॅटची किंमत वाढण्याची आशा. तळमजल्याच्या तिघांकडे जाण्यात अर्थच नव्हता. त्यांचे म्होरके दौलतराव सरळ म्हणाले, "खासनीस, मी काय लिफ्टने तळघरात जाऊ?" म्हणजे पहिल्या मजल्याची तिन्हीच्या तिन्ही मतं पाहिजेत. सेक्रेटरी तनुजा चार नंबरात राहायची, हिंजवडीला नोकरी, मुलगी हुशार आणि न्यायाची. ती हो म्हणाली. सहा नंबरातल्या निवृत्त शिक्षिका हो म्हणाल्या. राहिला पाच नंबरातला रणजीत.

रणजीत चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर होता. गडी मनाचा मोठा. चित्राची खुर्ची उचलायला माणूस कमी पडला, की शिफ्टवरून आलेला, न जेवता दांडा धरायचा. पण ओव्हरटाइम बंद झालेला, लेक सायली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. प्रभाकरराव गेले तेव्हा तो बराच वेळ नुसता कान खाजवत बसला.

"काका, तुम्हाला नाही कसं म्हणू? काकूंना बघतोय ना मी. पण खरं सांगतो, पावणेतीन लाखांपर्यंत कसंबसं ओढून-ताणून करीन. तीनच्या वर गेलं तर मला सोडा. सायलीची फी तोंडावर आहे."

"पावणेतीनच्या आतच बसेल," प्रभाकरराव म्हणाले. "तनुजाला अंदाज मिळालाय तसा."

"मग माझं मत धरा."

त्या दिवशी चोपन्न पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली नाही. चित्राला त्यांनी सांगितलं, "नऊ झाली." दुपारी चहा घेताना तिने सहज विचारलं, "बागेतल्या त्या पायवाटेची एक फेरी किती पावलांची असेल हो?" प्रभाकरराव संध्याकाळी खाली जाऊन मोजून आले. तीनशे बारा. तिने त्या रात्री घरातल्या घरात चौदा पावलं सात वेळा घातली.

सभा मे महिन्यातल्या रविवारी, सकाळी साडेदहाला, खाली पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मोठ्या थर्मासात चहा, परातीत वडे. तनुजाने सगळ्यांना एकेक कागद वाटला. वर गॅलरीत चित्रा बसली होती. पार्किंगचं तोंड त्याच बाजूला, त्यामुळे सभा तिला दिसत नसली तरी ऐकू सगळं जायचं.

आधी दौलतराव उठले. "मला काकूंबद्दल वाईट वाटतं. पण बिल्डिंग पस्तीस वर्षांची झालीय. आज ना उद्या बिल्डर येणार. पाच वर्षांत पाडायची इमारत, तिला एकतीस लाखांची लिफ्ट लावायची? खासनीस, तुम्हीच सांगा, वसूल किती दिवसांत?"

दोघे-तिघे हसले. ते काही दुष्टपणाने हसले नाहीत, सवयीने हसले. दौलतराव म्हणाले ते खरं होतं. दुसऱ्या कुणाची बायको वर अडकली असती, तर हेच वाक्य त्यांनी स्वतः म्हटलं असतं, आणि वर विमानाचा विनोदही केला असता. ते उभे राहिले आणि म्हणाले, "पाच वर्षं म्हणजे..." चित्राला पाच वर्षं नव्हती, निदान चालत्या पायांची नव्हती, पण हे पार्किंगमध्ये वडे खाणाऱ्या माणसांसमोर कसं बोलायचं? ते खाली बसले.

तनुजाने सावरून घेतलं. "मतं घेऊच. त्याआधी आकडे नीट समजून घ्या. मी जुन्या फायलीत खासनीस काकांचा दोन हजार नऊचा हिशोब बघितला. काय सुंदर मांडलाय! त्याच पद्धतीने मी आताचा केलाय. कंपनीचं कोटेशन काल संध्याकाळीच ई-मेलने आलं, ते मागच्या पानावर आहे. एकतीस लाख, भागिले बारा. दोन लाख अठ्ठावन्न हजार तीनशे तेहतीस."

रणजीतने प्रभाकररावांकडे बघून अंगठा वर केला. झालं, जमलं.

आता इथे दुसरा कुणीही माणूस असता, तर त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला असता आणि हात वर केला असता. पण प्रभाकररावांच्या हातात आकड्यांचा कागद आला होता. चाळीस वर्षं जो कागद हातात आला, तो त्यांनी तपासला होता. चष्मा कपाळावरून खाली आला. खिशातली पेन्सिल बाहेर आली. पान उलटलं. सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती, आणि तनुजाच्या बेरजेत ती आली नव्हती.

"ह्यात कर धरलेला नाही," प्रभाकरराव म्हणाले. आवाज चांगला खणखणीत, मिटिंगमधला. "दर करांव्यतिरिक्त आहेत. अठरा टक्के वर लागणार."

तनुजाने पान उलटून बघितलं. "अगबाई, खरंच की!"

"पाच लाख अठ्ठावन्न हजार वाढले. एकूण छत्तीस लाख अठ्ठावन्न. भागिले बारा, तीन लाख चार हजार आठशे तेहतीस." पेन्सिलीने त्यांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. चूक सापडली की जो एक आनंद होई, तो त्यांच्या तोंडावर क्षणभर तसाच होता. मग त्यांची नजर रणजीतवर गेली.

रणजीत खाली मान घालून हातातल्या वड्याकडे बघत होता.

अरे देवा! प्रभाकररावांना तेव्हा कळलं आपण काय करून बसलो ते. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, येणारही नव्हतं. बिल आल्यावर लोकांनी आरडाओरडा केला असता, पण तोवर खड्डा खणून झाला असता, लोखंड उभं राहिलं असतं. रणजीतचे वरचे पैसे त्यांनी अंगावर घेतले असते, चित्राच्या बांगड्या होत्या. ते घाईने उभे राहिले. "रणजीत, वरची रक्कम मी भरतो. तुझी सगळी वरची मी भरतो."

"नाही काका," रणजीत म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की शेजारच्यालाच ऐकू यावा. "तुमच्याकडून पैसे घेऊन मत देऊ? आणि काम सुरू झालं की अजून वाढतंच, तुम्हीच आम्हाला शिकवलंय. माझ्याच्याने नाही झेपणार. माफ करा."

हात वर झाले. तनुजाने दोनदा मोजले. आठ.

मग सगळ्यांना एकदम फार वाईट वाटायला लागलं. अशा वेळी माणसं काहीतरी देऊन मोकळी होतात. दौलतराव पुढे झाले, "काकूंची सोय बघणं हे आपलं कर्तव्य आहे. ती खुर्ची सोसायटीच्या खर्चाने नीट करून घेऊ. दांडे सैल झालेत, ते वेल्डिंग करू, बसायला चांगली गादी करू. आणि महिन्यातून दोन खेपांचे पैसे सोसायटी देईल." टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "हे चांगलं केलंत." तनुजाने ठराव लिहिला आणि विचारलं, "अनुमोदन कोण देतंय?" सगळे प्रभाकररावांकडे बघू लागले, त्यांनीच दिलेलं बरं दिसेल म्हणून.

"प्रभाकर खासनीस," ते म्हणाले. तनुजाने लिहून घेतलं.

रणजीत जिन्यापर्यंत मागे आला आणि तिथूनच परत गेला. प्रभाकरराव जिना चढले. पायऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरवूनही त्या मोजल्या गेल्या.

चित्रा गॅलरीतच होती. तिने पिशवीची दोरी गुंडाळून मांडीवर ठेवली होती. प्रभाकरराव चप्पल काढून तिथेच दाराशी उभे राहिले.

"आवाज वरपर्यंत आला तुमचा," ती म्हणाली. "अठरा टक्के."

प्रभाकरराव चपला भिंतीशी सरळ लावत राहिले.

"बरोबर होतं ना ते?"

"हो. बरोबर होतं."

"मग झालं तर."

ती रागावलेली नव्हती. त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, राग सापडेना. ते आत येऊन तिच्या शेजारी स्टुलावर बसले. खाली बागेत कोणीतरी लहान मुलाला सायकल शिकवत होतं. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून त्यांनी सांगितलं, "खुर्ची नीट करून देणारेत. गादी बसवणार आहेत तिच्यावर. महिन्याला दोन खेपाही देणारेत."

"दोन," चित्रा म्हणाली. मग मांडीवरची दोरी नीट करत, "जाईबाईंना नव्हती हो गादी."

तिने काठी चाचपली, उठायचा प्रयत्न केला, पण पाय बसून आखडला होता. प्रभाकरराव हात द्यायला पुढे झाले. तिने मानेनेच नको म्हटलं आणि परत टेकून बसली. दाराशी उभ्या असलेल्या वॉकरकडे बघत ती म्हणाली, "तो परत देऊन या. किती दिवस भाडं भरायचं? घरात काठी पुरते मला."

"राहू दे की. तीनशे रुपयांनी काय..."

"तीनशे रुपयांनी काय?" ती हसली. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. "नको. वसूल होत नाहीये."

प्रभाकररावांनी तोंड उघडलं. तीनशे बारा पावलं, असं त्यांना म्हणायचं होतं. पण ती पुन्हा बागेकडे बघू लागली होती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. साडेबारा वाजले होते. रविवारी ते दुकान एक वाजता बंद होई, आणि परवा एक तारीख, म्हणजे नव्या महिन्याचं भाडं चढणार होतं.

त्यांनी चप्पल घातली, वॉकर मिटवून काखेत धरला आणि जिना उतरायला लागले.